देवपूरचं जुनं घर, मागणी 19 लाख: घ्यावं का? (धुळे)

रेवा_देवपूर
3 जून, रात्री 10:20

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथलं वाचतेय, आज पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न घेऊन आले.

आम्ही धुळ्यात देवपूरला भाड्याने राहतो. मी खासगी दवाखान्यात परिचारिका, मिस्टर अवधान एमआयडीसीत, दोन मुलं शाळेत आणि सासूबाई. सगळा खर्च धरून 20 लाखांच्या वर जाता येणार नाही. एवढ्यात शहराबाहेर नवा फ्लॅट मिळतो, पण सासूबाईंचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. माझी रात्रपाळी असते, त्यामुळे दवाखान्यापासून लांब जायचं नाही. म्हणून तळमजल्याचं घरच हवं.

एक घर पाहिलंय. देवपूरच्या जुन्या वस्तीत, प्लॉट 20 बाय 45. पुढचा भाग विटांचा, वर स्लॅब, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बांधकाम 1983 चं सांगतात. मागे त्याहून जुनं दोन खणांचं मातीच्या भिंतींचं घर, सागवानी खांब आणि वर धाबं, म्हणजे लाकडांवर मातीचा थर दिलेलं सपाट छत. त्यामागे न्हाणी, संडास आणि एक मोठा कडुनिंब. मालक वारले. दोन मुलगे विकतायत. बहिणीही दोन आहेत, एक सुरतला असते.

खटकलेल्या गोष्टी अशा. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर छतापर्यंत तिरकी भेग आहे. पुढच्या खोलीला नुकताच रंग दिलाय, बाकी घराला नाही. न्हाणीकडच्या छज्जाची सळई उघडी पडलीय. आणि नातेवाईक म्हणतात, त्या गल्लीत कशाला जाता.

मला मात्र मागच्या खोलीत शिरल्यावर बाहेरचं ऊन विसरायला झालं. काय काय तपासावं, आणि 19 लाख योग्य आहेत का, जाणकारांनी सांगावं.

---

तापीकाठ
3 जून, रात्री 11:02

ताई, 19 ही मागणी आहे, किंमत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर त्याच भागातल्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या खरेद्यांचे इंडेक्स 2 (नोंदणीचे उतारे) काढा. दलाल सांगतो तो दर आणि कागदावरचा दर यात फरक असतो हे खरं, पण निदान जमीन काय भावाने जातेय याचा अंदाज येईल. इतक्या जुन्या घरात आधी जमिनीचा हिशोब करायचा, मग त्यावर जे उभं आहे त्याचा.

---

मुरूमापर्यंत
4 जून, सकाळी 7:45

रेवाताई, मी स्थापत्य अभियंता आहे, जळगाव-धुळे भागात जुन्या घरांची दुरुस्ती हेच माझं काम. तुम्ही लिहिलंय त्यात भेग सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावरच सविस्तर लिहितो.

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल अशा भेगा पडतात, तेच घराच्या पायाखालीही होत असतं. पाया मुरूमापर्यंत, म्हणजे खालच्या टणक थरापर्यंत, नेलेला असेल तर घराला फारसं जाणवत नाही. पण त्या काळात साध्या वस्तीत खर्च वाचवायला पाया दोन-अडीच फुटांवरच थांबवलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. असं घर दर ऋतूत थोडं वर-खाली होतं. सगळीकडे सारखं झालं तर भिंती सहन करतात. एका कोपऱ्याची माती कायम ओली आणि दुसऱ्याची कोरडी राहिली की भिंत फाटते, आणि ती खिडकीच्या कोपऱ्यातूनच फाटते, कारण भिंत तिथे सगळ्यात कमजोर असते.

तर आधी गिलावा थोडा खरवडून बघा. भेग गिलाव्यातच असेल तर काळजी नाही. विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने गेली असेल तर पाया हललाय. वर रुंद आणि खाली बारीक आहे का, तेही मोजा. वर रुंद असेल तर बहुतेकदा घराचं एक टोक खाली बसलेलं असतं.

दुसरं काम, मालकाच्या परवानगीने त्या भिंतीला लागून बाहेरून खड्डा खणायचा. दोन मजूर, अर्धा दिवस. पाया किती खोल, खाली माती कसली, आणि मुख्य म्हणजे माती ओली आहे की कोरडी. आत्ता जूनच्या सुरुवातीला, पाऊस नसताना तिथे ओल सापडली तर ते पाणी आभाळातून आलेलं नाही. कुठलं तरी गटार किंवा नळ फुटलेला आहे. अशा वेळी खरं तर आनंद व्हायला हवा, कारण भेगेचं मूळ सापडलं.

तिसरं, भेगेवर काचेची बारीक पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे.

नव्या रंगाच्या खोलीत भरदुपारी जा आणि टॉर्च भिंतीला समांतर धरून उजेड पाडा. पुट्टीने भरलेली भेग लगेच दिसते.

कडुनिंब तोडायची घाई नको. मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं हे खरं, पण ते एकदम काढलं की तीच माती उलट फुगते. शिवाय 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे शहरात परवानगीशिवाय तोडता येत नाही.

---

चाळीसगाव_वकिली
4 जून, दुपारी 1:15

भिंतीची भेग बुजवता येते ताई, कागदातली भेग नाही बुजत. क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न, ती जागा सिटी सर्व्हेत आहे का. असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्या. त्यावर मालकांची नावं, क्षेत्र आणि सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केलीय ते) असतो. शासनाचं नाव किंवा हस्तांतराची अट दिसली तर आधी परवानगीचा विषय मिटवायचा, मगच पुढे. सिटी सर्व्हे नसेल तर सातबारा, बिनशेती आदेश आणि मंजूर ले-आउट मागा. देवपूरच नव्हे, आपल्या सगळ्याच शहरांच्या कडेच्या जुन्या वसाहतींत गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले, प्लॉट आहेत. 2001 चा गुंठेवारी कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे प्लॉट त्यात घेतले आहेत. पण नियमित करता येणं वेगळं आणि नियमित झालेलं असणं वेगळं. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात बघा.

महापालिकेचा घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. "घरपट्टी आमच्या नावावर आहे" एवढ्यावर लोक लाखोंचा इसार देऊन बसतात.

आता बहिणी. मालक मृत्युपत्र न करता गेले असतील तर दोन्ही बहिणी भावांच्या बरोबरीने वारस आहेत. वडिलोपार्जित असेल तरी हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आणि वडील 2005 ला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. "बहिणींचं काही म्हणणं नाही" हे भावांनी तोंडी सांगून चालत नाही. एक तर बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र असावं, नाही तर खरेदीखतावर चौघांच्या सह्या असाव्यात. मला स्वतःला दुसरा मार्ग बरा वाटतो. बहिणी समोर येतात, त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या खात्यात जातात, पुढे कुणाच्या मनात सल राहत नाही.

सुरतच्या बहिणीच्या वतीने कुणी मुखत्यारपत्र दाखवलं तर ते कुठे आणि कसं नोंदवलंय, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट आहे का, आणि लिहून देणारी व्यक्ती हयात आहे का, तीनही गोष्टी बघा. मालक हयात असताना त्यांनी कुणाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर ते त्यांच्याबरोबर संपलं.

30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा शोध) आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. यात पैसे वाचवू नका.

---

रेवा_देवपूर
4 जून, रात्री 9:40

खूप आभार. मुरूमापर्यंत दादा, खड्ड्याचं ऐकून धाकटे भाऊ जरा नाराज झाले, पण मोठ्यांनी "खणा, बुजवून द्या" म्हटलं. वकीलसाहेब, मोठी बहीण साक्रीला आहे, तिच्याशी मीच फोनवर बोलते. खरेदी माझ्या एकटीच्या नावावर केली तर मुद्रांक कमी लागतो म्हणतात, ते खरं का?

---

चाळीसगाव_वकिली
4 जून, रात्री 10:05

खरं आहे. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत आहे, 1 एप्रिल 2021 पासून. महापालिका हद्दीत एरवी 6 टक्के धरतो, तुम्हाला 5. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000. मुद्रांक ठरलेली किंमत किंवा रेडी रेकनरचं (सरकारी दराचं) मूल्य, यांतलं जे जास्त त्यावर. जुन्या बांधकामाला मूल्यांकनात घसारा मिळतो, तो लावून घ्यायला सांगा.

---

भुसावळ_जंक्शन
5 जून, सकाळी 8:30

मी वेगळं मत मांडतो. मातीचं घर, धाबं, हललेला पाया, यात पैसे घालू नका. जमिनीच्या भावात मिळालं तर घ्या, सगळं पाडा आणि पाच वर्षांनी का होईना, नीट आरसीसी बांधा. आमच्या मोठ्या भावाने जुनं घर डागडुजी करत करत जेवढा पैसा घातला, तेवढ्यात नवं उभं राहिलं असतं.

---

मुरूमापर्यंत
5 जून, सकाळी 9:10

भाऊ, पाडणं कधी कधी बरोबर असतं, पण इथे दोन गोष्टी आधी बघाव्या लागतील. पाडून नवं बांधायचं म्हटलं की आजची नियमावली लागू होते. समोरच्या रस्त्याची विकास आराखड्यात रुंदी जास्त दाखवली असेल तर तेवढी जागा सोडावी लागते, वर सामासिक अंतरं, म्हणजे कडेने मोकळी ठेवायची जागा. 20 फूट रुंदीच्या प्लॉटवर हे फार जाणवतं. आज प्लॉटवर जेवढं घर उभं आहे, उद्या तेवढं उभं राहीलच असं नाही. म्हणून ताई, महापालिकेच्या नगररचना विभागातून विकास आराखड्याचा अभिप्राय घ्या. पाडायचं नसलं तरी घ्या, कारण रुंदीकरण आलं तर तुमची पुढचीच खोली जाईल.

दुसरं म्हणजे 20 लाखांच्या आत सगळं बसवणाऱ्या कुटुंबाला आज राहायला घर हवंय. पाच वर्षांनी बांधू या भरवशावर भाडं आणि हप्ता दोन्ही भरायचं का?

---

परसदार
5 जून, दुपारी 3:50

धाब्याला एका वाक्यात बाद केलेलं वाचून लिहावंसंच वाटलं. मी अमळनेरच्या धाब्याच्या घरात वाढले, आजही तिथेच राहते. मे महिन्यात पारा 44-45 ला जातो तेव्हा वरच्या स्लॅबच्या खोलीत रात्री दोनला भिंतीला हात लावला तर ती तापलेलीच असते. मातीच्या दीड-दोन फुटी भिंतीच्या खोलीत आम्ही दुपारी नुसत्या पंख्यावर झोपतो. रेवाताईंची रात्रपाळी आहे, म्हणजे त्यांना दिवसा झोपायचंय. त्यांच्यासाठी ती मागची खोली या घरातली सगळ्यात मोलाची खोली आहे. ती पाडून टाका म्हणण्याआधी एवढा विचार व्हावा.

पण धाब्याची तपासणी मायेने नाही, कडक करायची. हे बघा:

खांबाचा बुंधा, जमिनीपासून वीतभर. जुनं सागवान वरून दगडासारखं दिसतं, आत वाळवीने पोखरलेलं असू शकतं. पेचकस टोचा. टोक सहज आत गेलं तर खांब गेला. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी जिवंत आहे.

सरा, म्हणजे छताची आडवी तुळई, जिथे भिंतीत शिरतो ती जागा. गळती असेल तर लाकूड तिथेच कुजतं आणि बाहेरून दिसत नाही.

आणि धाब्यावर मातीचा थर किती आहे ते. दर पावसाळ्याआधी लोक नवी माती टाकतात, जुनी खरवडत नाहीत. वर्षानुवर्षांत तो थर फूट-सव्वा फूट होतो. खालच्या लाकडाने एवढं वजन पेलायचं असं बांधताना कुणीच ठरवलेलं नसतं. मोठ्या पावसात जुनी घरं बसल्याच्या बातम्या येतात, त्यात पुष्कळदा हेच असतं.

एक महत्त्वाचं. इसार पावतीत लिहून घ्या की खांब, सरे, दारं, चौकटी, कोनाड्यांची लाकडी दारं सगळी घरासोबत आहेत. जुन्या सागाला चांगला भाव येतो. ताबा घ्यायला गेलं आणि दारंच नाहीत, असं आमच्याच गल्लीत झालंय.

---

मुरूमापर्यंत
5 जून, सायं. 6:20

परसदार ताई, अगदी बरोबर, विशेषतः वजनाचं. कोरड्या मातीचा फूटभर थर म्हणजे चौरस फुटाला 45 किलोच्या आसपास वजन, भिजला की आणखी. स्लॅबवरही तेच होतं. गळती थांबवायला लोक एका कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) दुसरा कोबा टाकतात. चार इंच ब्रिकबॅट कोबा चौरस फुटाला साधारण 18-20 किलो वजन वाढवतो आणि लोड बेअरिंग घरात, म्हणजे भिंतींवरच छत टेकलेल्या घरात, ते सगळं भिंतींवर येतं.

स्लॅबला खालून हातोडीने हलकेच ठोकत जायचं. टणक आवाज आला तर ठीक. भदभद पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून फुगलीय आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटलाय. न्हाणीवरचा भाग, छज्जे आणि पावसाचं पाणी साचतं ते कोपरे आधी बघा. नुसता छज्जा गेलेला असेल तर दुरुस्ती आवाक्यात आहे. खोलीच्या मधोमध पोकळ आवाज असेल तर थांबा आणि मला कळवा. 30 वर्षांवरच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी महापालिका कायद्यातही सांगितलेली आहे. एखाद्या नोंदणीकृत अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्याच, बँकेलाही तो उपयोगी पडेल.

---

बँकेतला_भाऊ
5 जून, रात्री 8:15

कर्जाचं थोडक्यात. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या मूल्याच्या 90 टक्क्यांपर्यंत देता येतं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ते मूल्य बँकेचा मूल्यांकनकार ठरवतो. मातीच्या भागाला तो जवळजवळ काहीच धरणार नाही. इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी वाटलं तर मुदत कमी होते आणि हप्ता वाढतो. मंजूर नकाशा नसेल तर पुष्कळ बँका फाइलच घेत नाहीत. म्हणून इसार देण्याआधी कागदांच्या प्रती बँकेत दाखवा, आणि "कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत" ही ओळ पावतीत हवीच.

---

जिभाऊ
6 जून, सकाळी 6:55

बेटा, पानी कथं जास ते पयले देख, मंग घरनी किंमत कर. (पाणी कुठे जातं ते आधी बघ, मग घराची किंमत कर.)

आता मराठीत थोडं लिहितो, वय झालं म्हणून नातवाकडून टाइप करून घेतोय. धुळ्यात पाणी रोज येत नाही, हे तुला माहीतच आहे. म्हणून घरात किती साठतं ते विचार. माणशी 135 लिटर हा सरकारी हिशोब. पाच माणसांना दिवसाला 675 लिटर, आठ दिवसांचं धरलं तर 5,400. जुना हौद 6 बाय 6 बाय 5 फुटांचा असेल तर 5,100 लिटरच्या जवळ बसतो, तेवढ्यात काटकसरीने भागतं. पण हौद गळका नको. भरून नळ बंद कर, पातळीला खूण कर आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघ. हौद भिंतीला लागून असेल आणि गळत असेल तर तुझ्या भेगेचं उत्तर तिथंच आहे.

आणि सांडपाणी कुणाच्या दारातून जातं ते बघ. जुन्या गल्ल्यांत एका घराचा पाइप दुसऱ्याच्या परसातून गेलेला असतो. चांगला शेजारी असेपर्यंत चालतं.

---

गल्ली_नंबर_चार
6 जून, दुपारी 12:30

सगळे घराबद्दल बोलतायत, मी गल्लीबद्दल बोलते. "त्या गल्लीत कशाला" हे वाक्य मलाही ऐकवलं गेलं होतं. 1818 नंतर इंग्रज अधिकारी ब्रिग्ज साहेबाने धुळं वसवायला घेतलं तेव्हा आखलेल्या सरळ गल्ल्यांपैकी एका गल्लीत माझं सासर आहे. घरं जुनी, भिंतीला भिंत, माणसं हातावर पोट असलेली. मी रात्री अकराला कामावरून येते तेव्हा ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं, आणि मी दार उघडून आत जाईपर्यंत ते माझ्याकडे बघत असतं. नव्या कॉलनीत मोठ्या फाटकांआड राहणाऱ्या माझ्या जावेला हे नाही मिळत.

रेवाताई, तुम्ही रात्रपाळीवाल्या. म्हणून रात्री बाराला आणि पहाटे पाचला त्या गल्लीतून चालत जाऊन या, मिस्टरांना बरोबर घेऊन. दिवे लागतात का, कुत्री किती, रिक्षा कुठपर्यंत येते, आजारी माणसाला न्यायला गाडी दारापर्यंत येईल का. यंत्रमाग किंवा पिठाची गिरणी जवळ असेल तर आवाज ऐका, कारण तुम्हाला दिवसा झोपायचंय. घंटागाडी येते का ते बायकांना विचारा, पुरुषांना माहीत नसतं. आणि शेजारच्या घरच्या म्हातारीशी बोला. या घरात पाणी कधी शिरलं, भांडण कशावरून झालं, मधली भिंत कुणाची, सगळं तिला ठाऊक असतं.

---

मुरूमापर्यंत
6 जून, दुपारी 2:00

मधल्या भिंतीचा मुद्दा फार चांगला. भिंत सामाईक असेल तर तिची दुरुस्ती दोघांची. शेजाऱ्याचे सरे तुमच्या भिंतीत शिरलेले असतील तर ती भिंत तुम्हाला कधीच मनासारखी पाडता येणार नाही.

---

रेवा_देवपूर
29 जून, रात्री 10:50

मंडळी, उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं. मधे दोन चांगले पाऊसही झाले.

खड्डा खणला. पाया अडीच फूट, खाली काळी माती, मुरूम पाच फुटांवर लागला. आणि माती चिंब ओली, तेव्हा पावसाचा थेंबही नव्हता. न्हाणीचं जुनं चिनीमातीचं गटार त्या भिंतीपासून हातभर अंतरावरून जातं आणि सांध्यात फुटलंय. हौद मात्र चांगला निघाला, एक दिवस ठेवून पातळी हलली नाही. भेग विटांच्या सांध्यांतून गेलीय, वर रुंद आहे. काचेची पट्टी अजून शाबूत आहे, पण दादा म्हणतात पूर्ण पावसाळा जाऊ द्या.

रंग दिलेल्या खोलीत टॉर्चने पाहिलं. भेग नव्हती, खालच्या तीन फुटांत लोणा (ओलीने भिंतीवर येणारा खार) होता, तो झाकलेला. स्लॅब खोल्यांत टणक वाजतो, पोकळ फक्त छज्जा आणि न्हाणीवरचा कोपरा.

धाब्याचा एक खांब बुंध्याशी गेलाय, बाकीचे तीन पक्के. वर माती जवळजवळ 14 इंच. दुसऱ्या पावसात गेले तर एका कोपऱ्यात गळत होतं, तिथला सरा मऊ लागला.

कागदांत सिटी सर्व्हे आहे, मिळकत पत्रिकेवर अजून वडिलांचंच नाव. शासनाची अट काही नाही. आराखड्यात रस्ता आहे तेवढाच दाखवलाय. प्रत्यक्ष मोजलं तर प्लॉट 20 बाय 43.5 भरला, म्हणजे 870 चौरस फूट. साक्रीच्या ताईंशी बोलले. त्यांना घर विकायला निघालंय हेच नीट सांगितलेलं नव्हतं. रागावल्या नाहीत, पण आवाज भरून आला. आता चौघंही सही करायला तयार आहेत, सुरतच्या ताई स्वतः येणार आहेत.

शेजारच्या आजींनी सांगितलं की पाणी घरात कधी आलं नाही, पण न्हाणीचा वास दरवर्षी येतो. मधली भिंत सामाईक आहे. रात्रीही गेलो. दिवे होते, आणि एका काकांनी "कोणाकडे" म्हणून विचारलं. मला बरं वाटलं.

इंडेक्स 2 वरून त्या भागात जमीन चौरस फुटाला 1,400 ते 1,500 ने गेलेली दिसते. 1,450 धरले तर 870 फुटांचे 12 लाख 61 हजार होतात. मिस्त्रीने आणि अभियंत्याने मिळून काढलेला दुरुस्तीचा अंदाज असा: गटार नवं आणि भिंतीपासून लांबून 60 हजार, वायरिंग 75, छज्जा आणि स्लॅबचा कोपरा 80, भेग आणि खालचा गिलावा 45, धाब्याची माती उतरवणं, खांब आणि सरा बदलणं 80. एकूण 3 लाख 40 हजार.

आम्ही 15 लाख सांगायचं म्हणतोय. मुद्रांक 75 हजार, नोंदणी 15, वकील-नोटीस-मोजणी 25, आणि दुरुस्ती. सगळं मिळून 19 लाख 55 हजार. रेडी रेकनरचं मूल्य 15 च्या आत आहे. ते 17 वर अडलेत. काय करावं?

---

तापीकाठ
29 जून, रात्री 11:15

15 च्या वर जाऊ नका. जमीन सोडून पुढच्या भागाचे तुम्ही जवळपास 2 लाख 40 हजार देताच आहात, ते रास्त आहेत. खड्ड्याचे फोटो आणि अभियंत्याचा अहवाल त्यांच्यासमोर ठेवा. दुसरं गिऱ्हाईकही हेच बघणार आहे, हे त्यांनाही कळेल. आणि 870 चा हिशोब मोठ्याने करा, कारण 900 चे पैसे मागितले गेलेत.

---

मुरूमापर्यंत
30 जून, सकाळी 7:20

ताई, काम नीट केलंत. घर वाचण्यासारखं आहे. फक्त दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधी गटार. मग त्या बाजूला भिंतीपासून तीन फूट रुंद फरसबंदी, उतार बाहेरच्या दिशेने, म्हणजे छताचं पाणी पायाशी मुरणार नाही. धाब्याची माती पावसाळा संपल्यावर उतरवा, तोवर गळका कोपरा ताडपत्रीने झाका आणि कुजलेल्या खांबाशेजारी लोखंडी टेकू लावा. त्याखाली कुणी झोपायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. भेग मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तशीच ठेवा. माती ओलीची कोरडी होताना भिंत थोडी हलेल, आत्ता भरलीत तर पुन्हा फुटेल आणि 45 हजार वाया जातील. लोणा लागलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, ओल वर चढते. तिथे चुन्याचा करा.

---

चाळीसगाव_वकिली
30 जून, सकाळी 11:40

आधी चौघांची वारस नोंद मिळकत पत्रिकेवर लागू द्या, मग खरेदीखत. खरेदीखतात क्षेत्र मोजणीप्रमाणे घाला. चार खात्यांत चार धनादेश. घरपट्टी, पाणीपट्टी आणि महावितरणचं शेवटचं बिल भरल्याच्या पावत्या ताब्याच्या दिवशी हातात.

---

रेवा_देवपूर
11 जुलै, रात्री 9:05

15 लाख 20 हजारांवर ठरलं. वरचे 20 हजार मी मान्य केले, कारण सुरतच्या ताईंनी वारस नोंदीची सगळी धावपळ भावांकडून करून घ्यायची जबाबदारी घेतली. इसार 50 हजार, धनादेशाने. पावतीत कर्जाची अट आहे, चौघांची नावं आहेत आणि लाकडाची यादीसुद्धा: खांब चार, सरे अकरा, दारं पाच.

आता एक मदत हवी. धाब्याची माती उतरवून पुन्हा पातळ थर बसवणारा माहितगार कारागीर धुळे-अमळनेर पट्ट्यात कुणाला माहीत आहे का? इथले मिस्त्री सरळ पत्रे टाका म्हणतात.

---

परसदार
11 जुलै, रात्री 9:30

पत्रे टाकू नका ताई, मेमध्ये त्या खोलीत बसवणार नाही. आमचं धाबं गेल्या वर्षी ज्यांनी केलं ते अजून काम करतात. दिवाळीनंतर मोकळे असतील. संपर्क व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. त्यांना बोलावण्याआधी पांढऱ्या मातीची सोय करून ठेवा, ती आता लवकर मिळत नाही.